घड्याळ मागं पडतं की वेळ?

अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान कराडच्या बाजारात होतं. दुकान म्हणजे एक लाकडी खोकं, समोर काच, आत एक स्टूल आणि अब्बांच्या उजव्या डोळ्याला चिकटलेलं भिंग. भिंतीवर दहा-बारा घड्याळं टांगलेली असायची. गिऱ्हाइकांची घड्याळं दुरुस्त झाली की ती तिथं दोन दिवस चालवून पाहायची, असा अब्बांचा शिरस्ता होता. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टिप्‌टिप्‌ ऐकून अब्बा आपलं मुख्य घड्याळ मिळवत आणि मग बाकीची त्याच्याशी ताडून पाहत. जामा मशिदीतलं भिंतीवरचं मोठं घड्याळही त्यांच्याच हवाली होतं. दर जुम्म्याला नमाजच्या आधी जाऊन ते चावी देत आणि काटा मिनिटभर इकडेतिकडे करत. त्या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत.

अब्बा सातवीपर्यंत शिकलेले. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात मराठी. वर्तमानपत्र मात्र ते रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो, विषय भौतिकशास्त्र. आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळं डोक्यात हवा होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

साल १९७२. कॉलेजातून येताना मी दुकानावर थांबलो होतो. दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. अब्बांनी वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढं केली. कोपऱ्यात चार-पाच ओळींची बातमी होती. अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी अणूवर चालणारी चार घड्याळं विमानातून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडून जाऊन आली तेव्हा ती मागं पडली होती आणि पश्चिमेकडून जाऊन आली तेव्हा पुढं गेली होती. आइन्स्टाइनचं म्हणणं खरं ठरलं, असं खाली लिहिलं होतं.

अब्बांनी विचारलं, "मला सांग, घडी पिछे पडी, क्या वखत पिछे पड्या?" घड्याळ मागं पडलं की वेळच मागं पडली?

मला उत्तर येत नव्हतं. सापेक्षतावादाचं एक प्रकरण आम्हाला होतं, त्यातली समीकरणं मी पाठ केली होती. पण या साध्या प्रश्नाला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "घड्याळच मागं पडलं असणार. विमानाचे धक्के लागतात."

अब्बा म्हणाले, "धक्क्यानं बिघडलेलं घड्याळ मी चाळीस वेळा उघडलंय. ते धक्का कुठल्या दिशेचा ते बघत नाही. एकीकडं जाताना मागं आणि दुसरीकडं जाताना पुढं, हे धक्क्याचं काम नव्हे."

गिऱ्हाइकं माझ्याकडं पाहू लागली. मी हसलो आणि म्हणालो, "अब्बा, ते तुमच्या पेट्रोलात धुवायच्या घड्याळांसारखं नसतं. तुम्हाला नाही कळायचं ते." एक गिऱ्हाईकही हसलं. अब्बांनी काही उत्तर दिलं नाही. वर्तमानपत्र नीट घडी करून बाजूला ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि समोरच्या घड्याळात चिमटा घातला. त्यानंतर त्यांनी मला विज्ञानातलं कधीच काही विचारलं नाही. १९९१ साली ते अल्लाला प्यारे झाले.

मी पुढं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तीसहून जास्त वर्षं शिकवलं. आइन्स्टाइनचं नाव निघालं की मुलांना सांगायचो, "सगळं सापेक्ष आहे बरं का! शाळेतला तास लांब वाटतो आणि खेळाचा तास चटकन संपतो." मुलं हसायची, मीही हसायचो आणि पुढच्या धड्याकडं वळायचो. आपण मुलांना चुकीचं सांगतोय हे मला ठाऊक नव्हतं. कंटाळ्याचा तास लांब वाटतो तो मनाचा खेळ झाला. आइन्स्टाइन मनाबद्दल बोलतच नव्हता.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलीकडं पुण्याला गेलो होतो. नात अकरावीला, विज्ञान शाखेची. रिक्षात बसलो की ती मोबाइलवर नकाशा उघडून रस्ता सांगायची. मी विचारलं, "बेटा, याला कसं कळतं आपण कुठं आहोत ते?" ती म्हणाली, "नाना, वर सॅटेलाइट असतात ना. त्यांच्यात घड्याळं असतात." घड्याळ म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी वाचायला बसलो. वयाच्या साठीनंतर, परीक्षेची धास्ती नसताना वाचलेलं मला प्रथमच नीट कळलं.

जे कळलं ते इथं मांडतो. अवघड गणित नाही. गवंडी घराचा पाया आखताना काटकोन जुळवायला तीन, चार आणि पाचाची दोरी धरतो, तेवढंच पुरतं.

आइन्स्टाइन १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला होता, वय सव्वीस. त्यानं दोनच गोष्टी धरल्या. एक, एकसारख्या गतीनं सरळ चाललेल्या गाडीत आणि उभ्या फलाटावर निसर्गाचे नियम सारखेच असतात. दुसरी, प्रकाशाची गती कुणीही मोजली तरी तेवढीच येते, सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर. धावत्या गाडीतून पुढं फेकलेल्या चेंडूला गाडीची गती मिळते. प्रकाशाला ती मिळत नाही. म्हणजे सगळंच सापेक्ष आहे असं नाही. उलट एक गोष्ट अजिबात सापेक्ष नाही, आणि ती नाही म्हणूनच वेळेला वाकावं लागतं.

आता एक घड्याळ कल्पा. वरखाली दोन आरसे, मधलं अंतर चार हात. खालून निघालेला प्रकाश वर पोचला की एक टिक्‌. हे घड्याळ गाडीत ठेवलं. गाडीतल्या माणसाला प्रकाश सरळ वर जाताना दिसतो, चार हात. फलाटावरच्या माणसाला तसं दिसत नाही. प्रकाश वर जाईपर्यंत गाडी तीन हात पुढं सरकलेली असते. त्यामुळं त्याच्या दृष्टीनं प्रकाश तिरका गेला. किती? गवंड्याची दोरी सांगते, पाच हात. आता प्रकाशाची गती दोघांनाही तेवढीच. मग चार हातांना चार भाग वेळ लागत असेल, तर पाच हातांना पाच भाग लागणारच. फलाटावर पाच भाग वेळ गेली तेव्हा गाडीत चारच भाग गेली.

अशी गाडी प्रकाशाच्या तीन पंचमांश गतीनं, म्हणजे सेकंदाला एक लाख ऐंशी हजार किलोमीटरनं धावायला हवी. आपल्या एस.टी.ला आणि रेल्वेला हा फरक जाणवत नाही तो एवढ्यासाठीच. फरक असतो, पण नगण्य असतो.

एवढं समजल्यावर माझ्यापुढं अब्बांचाच प्रश्न आला. आरशाचं घड्याळ मागं पडलं हे कबूल. पण त्याच गाडीत चावीचं घड्याळ ठेवलं तर? तेही मागं पडलंच पाहिजे. न पडलं, तर गाडीतला माणूस दोन घड्याळं शेजारी ठेवून, खिडकीबाहेर न पाहता, आपली गाडी चालते की उभी आहे ते सांगू शकेल. आणि पहिल्या नियमानुसार तसं सांगता येत नाही. म्हणजे आरशाचं घड्याळ, चावीचं घड्याळ, माणसाच्या नाडीचे ठोके, केस पांढरे होणं, सगळं एकाच मापानं मागं पडायला हवं.

मग मला दुकानातली एक गोष्ट आठवली. मी शाळेत असताना एकदा सकाळी भिंतीवरची सगळी घड्याळं सारखीच मागं पडलेली दिसली. मी घाबरलो. अब्बा हसून म्हणाले, "खराबी हरेक घड्याळाची वेगळी असते. कुणाच्या कमानीत, कुणाच्या बॅलन्समध्ये. दहा घड्याळं एकाच मापानं मागं पडली, तर एकही उघडू नको. ज्याच्याशी मिळवतोस ते बघ आधी." खरोखर मुख्य घड्याळच पुढं गेलं होतं.

सापेक्षतावादाचा सगळा गाभा त्या वाक्यात आहे. जगातली सगळी घड्याळं, वेगवेगळ्या बनावटीची, एकाच मापानं मागं पडत असतील, तर दोष घड्याळांचा म्हणता येत नाही. वेळेचाच विचार करावा लागतो.

आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही. आकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरावर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यात ना स्प्रिंग, ना काटा. सरासरी २.२ मायक्रोसेकंद आयुष्य. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-सव्वादोन. एवढ्या वेळात प्रकाशही साडेसहाशे मीटरच्या आसपासच जातो. तरीही दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले हे कण जमिनीपर्यंत ढिगानं पोचतात, कारण त्यांची वेळ आपल्या मापानं सावकाश चालते. १९७७ साली युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत असे कण गोल फिरवत ठेवले, तेव्हा त्यांचं आयुष्य सुमारे २९ पट वाढलेलं आढळलं, हिशेबानं यायला हवं होतं तेवढंच.

आता अब्बांच्या बातमीतली विमानं. तो प्रयोग हाफेल आणि कीटिंग या दोघांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये केला होता. सिझियमची चार घड्याळं साध्या प्रवासी विमानांत, तिकीट काढून, सीटवर ठेवून नेली. पूर्वेकडून फिरून आलेली घड्याळं सरासरी ५९ नॅनोसेकंद मागं पडली, पश्चिमेकडून आलेली २७३ नॅनोसेकंद पुढं गेली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. पूर्व-पश्चिम फरक का? कारण जमिनीवरचं घड्याळही उभं नसतं. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते. पूर्वेला जाणाऱ्या विमानाची गती पृथ्वीच्या फिरण्यात मिळवली जाते, पश्चिमेला जाणाऱ्याची वजा होते. म्हणून पूर्वेचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा जास्त धावलं आणि मागं पडलं. पश्चिमेचं कमी धावलं आणि पुढं गेलं. धक्क्यानं असं होत नाही. अब्बा दुकानात बसून म्हणाले होते, तेच.

त्यात आणखी एक भर होती, उंचीची. १९१५ साली आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पुरा केला. त्यातून निघालं की जमिनीजवळ वेळ सावकाश चालते आणि उंचावर जलद. आमच्या जामा मशिदीला दोन उंच मनोरे आहेत. शंभर फुटांचा मनोरा धरला आणि एक घड्याळ पायथ्याशी व दुसरं टोकावर ठेवलं, तर वरचं पुढं जाईल. पण सेकंदाचा फरक पडायला जवळजवळ एक कोटी वर्षं लागतील. हसू येईल, पण हे मोजता येतं. २०१० साली अमेरिकेत दोन घड्याळांमध्ये फक्त ३३ सेंटीमीटर उंचीचा फरक ठेवून तो मोजला गेला, आणि २०२२ साली एका मिलिमीटरच्या उंचीतलाही.

नातीच्या मोबाइलमध्ये हे दोन्ही परिणाम रोज काम करतात. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास गतीनं फिरतात. गतीमुळं त्यांची घड्याळं रोज ७ मायक्रोसेकंद मागं पडतात. उंचीमुळं ४५ मायक्रोसेकंद पुढं जातात. वजाबाकी करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून जास्त जातो. हिशेब धरला नाही, तर चुका साठत जाऊन चार-दोन दिवसांत नकाशा कामातून जाईल. म्हणून उपग्रह वर सोडण्याआधीच त्यातलं घड्याळ मुद्दाम किंचित मंद लावतात, वर गेल्यावर ते जमिनीच्या मापानं बरोबर चालावं म्हणून. १९७७ साली पहिल्यांदा असं घड्याळ वर पाठवलं तेव्हा काहींना शंका होती. त्यांनी दुरुस्ती बंद ठेवून वीस दिवस वाट पाहिली. घड्याळ हिशेबाइतकंच पुढं गेलं. मग दुरुस्ती चालू केली. दुरुस्त केलेलं घड्याळ दोन दिवस भिंतीवर चालवून पाहणाऱ्या अब्बांना हे फार आवडलं असतं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाना, मग खरा टाइम कुणाचा? खालचा की वरचा?"

तिला मी अब्बांचीच गोष्ट सांगितली. अब्बा घड्याळाचं काम मुंबईत शिकले, १९४८-४९च्या सुमारास. त्या काळी मुंबईत दोन वेळा चालायच्या. देशाची स्टँडर्ड वेळ १९०६ पासून सुरू झाली होती. पण मुंबईकरांनी आपली जुनी मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडली नाही. दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. उस्तादांच्या दुकानात दोन घड्याळं शेजारी टांगलेली असत. कुणी विचारलं की यातलं बरोबर कुठलं, तर उस्ताद म्हणत, दोन्ही बरोबर, तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा.

पण तिला हेही बजावलं की मुंबई टाइमचा फरक आणि आइन्स्टाइनचा फरक एक नव्हे. कराडचा रोजा नागपूरनंतर सुटतो, कारण सूर्य तिथं आधी मावळतो. पण दोन्हीकडची घड्याळं चालतात एकाच चालीनं. तो फरक माणसांनी काटा कुठं लावायचा याचा आहे. आइन्स्टाइनचा फरक चालीचाच आहे. आणि तो तिथंच थांबत नाही. 'एकाच वेळी' हा आपला शब्दही तो हलवतो.

समजा, एका सरळ रस्त्याच्या दोन टोकांच्या मनोऱ्यांवर इफ्तारचे दिवे एकाच क्षणी लागले. बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीचा उजेड एकदम पोचला, म्हणून तो म्हणतो, एकाच वेळी लागले. त्या रस्त्यावरून एक लांबलचक गाडी चालली आहे. दिवे लागले तेव्हा तिचं पुढचं टोक एका मनोऱ्याशी आणि मागचं दुसऱ्याशी होतं. गाडीच्या मधोमध बसलेला प्रवासी पुढं सरकतोय, म्हणून पुढच्या दिव्याचा उजेड त्याला आधी मिळतो. गाडीत दोन्ही टोकं त्याच्यापासून सारख्या अंतरावर आणि प्रकाशाची गतीही सारखी. मग तो म्हणणार, पुढचा दिवा आधी लागला. दोघंही चुकलेले नाहीत. रस्ता किलोमीटरभराचा आणि गाडी ताशी शंभर किलोमीटरची असेल, तर हा फरक सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी. रोजा सोडायला काही अडचण नाही. पण सगळ्या विश्वाला मिळून एकच 'आत्ता' आहे, ही आपली समजूत मात्र टिकत नाही.

नात म्हणाली, "म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ त्याच्यापुरतं खरं?" मी म्हटलं, होय, पण मनमानी नाही. कुणाच्या घड्याळात किती वेळ जाईल ते त्याच्या वाटेवरून ठरतं आणि ते अगदी नेमकं सांगता येतं. दोघं सरळ वाटेनं चालत राहिले, तर प्रत्येकाला दुसऱ्याचं घड्याळ सावकाश दिसतं. पण दोन जुळे भाऊ. एक घरी राहिला, दुसरा त्या तीन पंचमांशाच्या गतीनं दूर जाऊन परत फिरला. घरच्याची दहा वर्षं झाली, तर फिरून आलेल्याची आठच. वळून माघारी आला तो फिरस्ता, म्हणून दोघांच्या वाटा सारख्या नव्हत्या. भेटल्यावर दोघांचे चेहरेच ते सांगतील.

आपल्याकडं कुणी असं काही वाचलं की लगेच म्हणतं, हे आमच्या बुजुर्गांना आधीच ठाऊक होतं. मला तसं म्हणवत नाही. जे होतं तेच अभिमान वाटावं एवढं आहे. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ग्रंथ लिहिला आणि प्रकाशाला जायला वेळ लागतो असं मानलं. मोठ्या मशिदींतून नमाजच्या वेळा काढायला मुवक्कित नावाचा जाणकार नेमलेला असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हे त्या कामावर होते. ते त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. वेळ नीट मोजणं हे त्यांच्यासाठी कामही होतं आणि अमानतही. त्यांनी प्रश्न विचारले आणि मोजून पाहिलं. आमचे अब्बा सातवी शिकलेले, पण दर जुम्म्याला काटा मिनिटभर सरकवणारे. ते त्याच रांगेत शेवटी कुठंतरी उभे होते, असं मला आता वाटतं. त्यांनीही प्रश्न विचारला होता. मोजलेल्या गोष्टीवरूनच विचारला होता. आणि मी, पदवीच्या उंबरठ्यावर असलेला, येत नाही एवढे दोन शब्द बोललो नाही.

शाळेत इतकी वर्षं किती मुलांना मी असंच हसून गप्प केलं असेल, याचा हिशेब माझ्याकडं नाही. एवढं मात्र झालं की पुण्याहून परतल्यावर मोहल्ल्यातली चार मुलं संध्याकाळी घरी येऊ लागली. त्यांनी विचारलेलं मला येत नसलं, तर मी तसं सांगतो. मग आम्ही मिळून शोधतो. तीन-चार-पाचची दोरी मी त्यांना अंगणात जमिनीवर आखून दाखवली.

दुकान आता पुतण्याकडं आहे. तिथं मोबाइल दुरुस्त होतात. भिंतीवर एकच घड्याळ उरलंय, अब्बांचं ते मुख्य. पुतण्या त्याला चावी देत नाही, मीच आठवड्यातून एकदा जाऊन देतो. मागच्या रमजानमध्ये चावी देता देता काटे मोबाइलशी मिळवले. दोन मिनिटं मागं होतं. खराबी त्याचीच आहे, हे मला ठाऊक आहे. जुनं झालंय, तेल सुकलंय.

मगरिबनंतर कब्रस्तानात गेलो. फातिहा पढलो. आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं उत्तर मनातल्या मनात दखनीत देऊन टाकलं: अब्बा, वखतच पिछे पड्या था. तुमची बात बरोबर होती.